वजनाच्या ऑपरेशनची तयारी: काय आधी करायचं, आणि कोणाला, कधी, किती सांगायचं

वजन कमी करण्याच्या ऑपरेशनचं, म्हणजे बेरिॲट्रिक सर्जरीचं, ठरलं की बरेच जण तयारीला उलट्या टोकाने सुरुवात करतात. आधी बातमी सगळीकडे जाते. मग त्यावर आलेल्या सल्ल्यांनी झोप उडते. झोपेची तपासणी, औषधांचे बदल, तंबाखू सोडणं ही खरी वेळखाऊ कामं मात्र शेवटच्या पंधरवड्यात कोंबली जातात. काही जण दुसरं टोक गाठतात. ते कोणालाच सांगत नाहीत, घरच्यांनाही 'पित्ताशयाचं छोटंसं ऑपरेशन आहे' असं सांगून मोकळे होतात. पहिल्या प्रकारात मनस्ताप होतो. दुसरा प्रकार जिवावर बेतू शकतो, तो कसा ते पुढे येईलच.

कोणाला सांगायचं हासुद्धा तयारीचाच भाग आहे आणि त्यालाही तपासण्यांसारखा क्रम आहे. न सांगितलेलं उद्या सांगता येतं, सांगितलेलं मात्र परत घेता येत नाही. म्हणून सुरुवात कमीत कमी माणसांपासून करायची आणि यादी हळूहळू वाढवायची.

हाताशी साधारण तीन महिने आहेत असं धरून खालच्या पायऱ्या लावल्या आहेत. तुमच्या सर्जननी एखाद्या बाबतीत वेगळं सांगितलं असेल तर त्यांचं ऐका.

१. ऑपरेशन कोणतं, ते आधी पक्कं करा

'वजनाचं ऑपरेशन' नावाचं एकच ऑपरेशन नसतं. सध्या सर्वांत जास्त होतात ती दोन, स्लीव्ह आणि बायपास. स्लीव्हमध्ये जठराचा साधारण ७५ ते ८० टक्के भाग कायमचा काढून टाकतात आणि एक अरुंद नळी उरते. बायपासमध्ये जठराच्या वरच्या टोकाला साधारण ३० मिलिलिटरची पिशवी करून ती थेट लहान आतड्याला जोडतात. बाकीचं जठर आत तसंच राहतं, फक्त अन्न त्यातून जात नाही. 'मिनी बायपास'मध्ये आतड्याचा जोड दोनऐवजी एकच असतो. नावात मिनी आहे म्हणून त्याला किरकोळ समजू नका.

निवड ओळखीच्या माणसाने काय केलं यावरून होत नाही. छातीत जळजळ आणि आंबट पाणी वर येण्याचा त्रास जुना असेल, तर तो स्लीव्हनंतर वाढू शकतो, म्हणून अशा वेळी बायपासचा विचार होतो. उलट, सांधेदुखीसाठी आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्या वारंवार लागत असतील तर बायपासच्या जोडावर अल्सर होण्याचा धोका असतो. तंबाखू ओढणाऱ्यांनाही हाच धोका. हे सगळं पहिल्याच भेटीत सर्जनच्या कानावर घाला, त्यांनी विचारण्याची वाट पाहू नका.

पात्रतेबद्दल अजून जुने आकडे फिरत असतात. बीएमआय (किलोतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग) ४० च्या पुढे, किंवा ३५ च्या पुढे आणि सोबत आजार, हा १९९१ चा निकष. २०२२ मध्ये या क्षेत्रातल्या सर्जनांच्या अमेरिकन आणि आंतरराष्ट्रीय संघटनांनी तो खाली आणला. आता ३५ च्या पुढे सोबत आजार असो वा नसो, ऑपरेशनची शिफारस होते. ३० ते ३५ मध्ये मधुमेहासारखा चयापचयाचा आजार असेल तर विचार होतो. आशियाई वंशाच्या लोकांसाठी मर्यादा २७.५ धरतात. 'तुझं एवढं कुठे आहे?' असं म्हणणाऱ्याच्या डोक्यात बहुधा जुनाच आकडा असतो.

अपेक्षाही इथेच जमिनीवर आणा. पहिल्या एक-दीड वर्षात मूळ वजनाच्या साधारण २५ ते ३० टक्के वजन उतरतं आणि पुढच्या वर्षांत त्यातलं थोडं परत येतं. १२० किलोच्या माणसासाठी याचा अर्थ ३० ते ३६ किलो कमी, म्हणजे ८४ ते ९०. मनात ६० चा आकडा धरून ऑपरेशनला गेलेला माणूस चांगला निकाल लागूनही निराश होतो, आणि लोकांना तोच ६० चा आकडा सांगून ठेवला असेल तर जास्तच.

*तपासून घ्या:* माझ्यासाठी दुसरं ऑपरेशन का नको? आतल्या टाक्यांतून गळती किंवा रक्तस्राव झाला तर रात्री कोण बघतं? पाठपुरावा किती वर्षं असतो? टीममध्ये आहारतज्ज्ञ आणि मानसतज्ज्ञ आहेत का? ही चार उत्तरं लिहून घेतल्याशिवाय पुढच्या पायरीवर जाऊ नका.

२. पहिल्या फेरीत दोघांनाच सांगा

पहिले तुमचे नेहमीचे डॉक्टर. मधुमेह, थायरॉइड, रक्तदाब, मानसिक आजार यांवर वेगवेगळ्या डॉक्टरांचे उपचार चालू असतील तर त्या प्रत्येकाला सांगणं आलंच. इथे गुप्तता चालत नाही.

दुसरा म्हणजे घरातला किंवा जवळचा एक माणूस. सर्वांत लाडकं माणूसच इथे योग्य ठरेल असं नाही. रात्री दोन वाजता तुम्हाला हॉस्पिटलमध्ये नेता येईल, डॉक्टरांचं बोलणं न घाबरता ऐकून लिहून घेता येईल आणि चार जणांना न सांगता राहता येईल, असा माणूस हवा. अनेकदा तो जोडीदार असतो, पण बहीण, भाऊ किंवा जुना मित्रही चालेल. त्याला सर्जनच्या भेटीला सोबत न्या आणि ऑपरेशनचं पूर्ण नाव त्याच्याकडून वदवून घ्या.

जोडीदाराचा विरोध असेल तर घरात वाद घालत बसण्यापेक्षा त्याला सर्जनच्या खुर्चीसमोर बसवणं जास्त उपयोगी पडतं. विरोधामागे बहुतेक वेळा भीती असते आणि तिला आकडे लागतात: अनुभवी केंद्रांत या ऑपरेशनमध्ये मृत्यूचा धोका हजारात एकाच्या आसपास आहे, साधारण पित्ताशय काढण्याच्या ऑपरेशनइतका.

*थांबा:* आरोग्य विमा असेल तर विमा कंपनीपासून काहीही लपवू नका. कोणतं ऑपरेशन, कोणत्या निकषावर, मंजुरी आधी घ्यायची की नंतर, हे लेखी मिळवा. तोंडी 'होऊन जाईल' यावर तारीख घेऊ नका.

३. जिला वेळ लागतो ती तपासणी आधी

रक्ततपासणीला सकाळ पुरते म्हणून सगळे तिथून सुरुवात करतात. सुरुवात झोपेच्या तपासणीने करा. घोरणं, रात्री श्वास अडकून जाग येणं, दिवसा डोळे मिटणं यांतलं काही असेल तर स्लीप ॲप्नियाची, म्हणजे झोपेत श्वास थांबण्याच्या आजाराची, शक्यता असते, आणि भूल देताना ते माहीत असणं फार महत्त्वाचं. निदान झालं तर सीपॅप मशीन (मास्कमधून हवेचा दाब देऊन श्वासाची वाट उघडी ठेवणारं) लावून झोपायची सवय व्हायला काही आठवडे जातात.

दुसरी एंडोस्कोपी, म्हणजे तोंडातून दुर्बीण घालून जठर आतून पाहणं. त्यात हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू सापडला तर साधारण १४ दिवसांचा औषधांचा कोर्स असतो, आणि तो गेला की नाही हे पाहायला कोर्स संपल्यावर किमान चार आठवडे थांबावं लागतं. म्हणजे एका जंतूपायी दीड महिना. ही तपासणी शेवटी ठेवणाऱ्यांची तारीख हमखास पुढे जाते.

मग रक्ताच्या तपासण्या: हिमोग्लोबिन, फेरिटिन, बी-१२, फोलेट, ड जीवनसत्त्व, कॅल्शियम, पॅराथायरॉइड हार्मोन, थायरॉइड, यकृत, मूत्रपिंड, एचबीए१सी. वजन जास्त म्हणजे पोषण भरपूर, हा गैरसमज आहे. लोह आणि ड जीवनसत्त्वाची कमतरता ऑपरेशनच्या आधीच सापडणं नेहमीचं आहे, आणि ती आधीच भरून काढणं सोपं जातं. एचबीए१सी ८ च्या खाली आणायला बरेच सर्जन सांगतात. त्याला दोन-तीन महिने लागतात, कारण हा आकडाच रक्तातल्या साखरेची मागच्या तीन महिन्यांची सरासरी असतो. पोटाची सोनोग्राफी आणि हृदयाच्या तपासण्या या ओघात होऊन जातात.

मानसतज्ज्ञाच्या भेटीला लोक परीक्षेसारखे जातात आणि पास होतील अशी उत्तरं देतात. रात्री उठून खाणं, एका बैठकीत ताबा सुटून खाणं, मन खट्टू झालं की खाणं, दारूचं खरं प्रमाण, सगळं दडवतात. या गोष्टी सांगितल्या म्हणून बहुतेकांचं ऑपरेशन रद्द होत नाही. आधी त्यावर काम होतं आणि मग तारीख मिळते. दारूबद्दल तर मुद्दाम खरं बोला: बायपासनंतर तेवढीच दारू लवकर चढते, रक्तात जास्त वेळ राहते, आणि आधी व्यसन नसलेल्यांनाही पुढच्या काही वर्षांत ते लागण्याचा धोका वाढतो.

तंबाखू कोणत्याही रूपातली असो, किमान सहा आठवडे आधी बंद. नंतरही बंदच.

मूल होण्याच्या वयातल्या बायकांनी गर्भनिरोधनाचं आत्ताच ठरवावं. ऑपरेशननंतर १२ ते १८ महिने गर्भधारणा टाळायची असते. वजन उतरलं की आधी अनियमित असलेली पाळी नियमित होते आणि दिवस जाण्याची शक्यता अचानक वाढते. बायपासनंतर तोंडाने घ्यायच्या गर्भनिरोधक गोळ्यांचा भरवसा नसतो. इस्ट्रोजेन असलेल्या गोळ्यांमुळे ऑपरेशनच्या काळात रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो, म्हणून त्या आधी थांबवायला सांगतात.

४. औषधांची यादी एका कागदावर

नाव, मिलिग्रॅम, वेळ आणि कशासाठी, एवढं एका कागदावर उतरवा. होमिओपॅथी, आयुर्वेदिक चूर्णं, व्यायामशाळेत सुचवलेल्या कॅप्सूल, कधीमधी घेतलेली डोकेदुखीची गोळी, सगळं त्यात आलं पाहिजे. मग सर्जन, भूलतज्ज्ञ आणि नेहमीचे डॉक्टर यांना प्रत्येक ओळीसमोर तीन गोष्टी विचारा: कधी थांबवायचं, ऑपरेशनच्या सकाळी घ्यायचं का, नंतर कोणत्या रूपात घ्यायचं.

रक्त पातळ करणारी औषधं सगळ्यांच्या लक्षात असतात. निसटतात ती पुढची. मधुमेहासाठी 'ग्लिफ्लोझिन' शेपटाची गोळी असेल तर ती तीन-चार दिवस आधी थांबवायला सांगतात, कारण उपाशीपोटी साखर फारशी न वाढताही रक्तात घातक आम्ल साठू शकतं. वजन किंवा साखरेसाठी सेमाग्लूटाइडसारखी इंजेक्शनं चालू असतील तर भूलतज्ज्ञांना सांगायलाच हवं, कारण त्यामुळे जठर रिकामं व्हायला वेळ लागतो. अशी इंजेक्शनं गुपचूप घेऊन भूलतज्ज्ञापासूनही लपवणारे लोक असतात. लपवण्याची यापेक्षा वाईट जागा शोधून सापडणार नाही.

ऑपरेशननंतर सावकाश विरघळणाऱ्या, 'एसआर' किंवा 'एक्सएल' लिहिलेल्या गोळ्या नीट शोषल्या जात नाहीत. त्या बदलून द्यायला लागतात. कुटायच्या मात्र नाहीत.

५. खाण्याची तालीम

ऑपरेशनच्या सहा-आठ आठवडे आधीपासून ऑपरेशननंतरसारखं खायला लागा. घास लहान, चावणं भरपूर, जेवण वीस ते तीस मिनिटांचं. जेवताना पाणी नाही, आणि जेवणानंतर अर्धा तास नाही. ही सवय सगळ्यांत चिवट असते, म्हणून आजच सुरू करा. फसफसणारी पेयं बंद. ताटातलं प्रथिन आधी, बाकीचं नंतर. नंतर रोज किमान ६० ग्रॅम प्रथिन लागणार आहे. तुमच्या नेहमीच्या खाण्यात ते कुठून येणार याचा हिशेब आहारतज्ज्ञांकडून आताच करून घ्या.

*नेहमीच्या चुका:* पहिली, निरोपाची मेजवानी. 'पुन्हा कधी खाता येणार नाही' म्हणून महिनाभर आवडीचं खात सुटल्याने वजन आणि यकृतातली चरबी वाढतेच, शिवाय तो समजही चुकीचा आहे. काही महिन्यांनी बहुतेक पदार्थ थोड्या प्रमाणात खाता येतात. दुसरी, प्रथिन पावडरचे मोठाले डबे आधीच भरून ठेवणं. ऑपरेशननंतर चव बदलते आणि आवडीच्या पावडरचा वासही नको होतो. नमुन्याची पाकिटं आणा.

६. कोणाला सांगायचं: कागदावर ठरवा

हे काम तपासण्यांचे निकाल येऊन तारीख पक्की झाल्यावर करायचं, त्याआधी नाही. तारीख पुढे गेली किंवा ऑपरेशनच बदललं तर प्रत्येकाला नव्याने खुलासे देत बसावं लागतं.

रोजच्या संपर्कातल्या माणसांची नावं लिहा आणि प्रत्येकासमोर तीन प्रश्न ठेवा. याला कळल्याने माझ्या सुरक्षिततेत फरक पडतो का? याच्यावर माझं काही काम पडणार आहे का? ही बातमी याच्याकडून सगळीकडे गेली तर मला चालेल का? पहिल्याचं उत्तर 'हो' असेल तर पूर्ण सांगायचं. फक्त दुसऱ्याचं 'हो' असेल तर कामापुरतं सांगायचं. दोन्ही 'नाही' असतील तर तिसरा प्रश्न निर्णय करतो. 'कोणाला सांगू नकोस' या वाक्यावर विसंबून कोणालाही यादीत घेऊ नका. गुपित सांभाळण्याचं ओझं अनेकांना पेलत नाही, आणि त्यात त्यांचा वाईट हेतूच असतो असंही नाही.

पूर्ण, अर्धं, काहीच नाही. सांगण्याच्या या तीन पातळ्या असतात आणि तिन्ही प्रामाणिक असू शकतात. पूर्ण म्हणजे ऑपरेशनचं नाव, कारण, काय बदलणार. अर्धं म्हणजे 'पोटाचं ऑपरेशन आहे, आधीपासून ठरलेलं आहे, काळजीचं कारण नाही. तपशिलात आत्ता जायचं नाहीये.' हे वाक्य आरशासमोर म्हणून पाहा. 'नाहीये'नंतर गप्प बसता येणं महत्त्वाचं, कारण लोक ती शांतता भरायला लावतात.

खोटं निदान या तिन्हींत बसत नाही. पित्ताशयाचं सांगून ठेवलं आणि महिन्याने पोटात कळ येऊन तुम्ही बोलण्याच्या अवस्थेत नसाल, तर सोबत आलेला माणूस डॉक्टरांना पित्ताशयाचंच सांगणार. डॉक्टर त्या वाटेने विचार करणार आणि वेळ जाणार. वर आणखी एक गंमत अशी की वजन झपाट्याने उतरताना पित्ताशयात खरोखरच खडे होऊ शकतात. म्हणून तर अनेक सर्जन पहिले सहा महिने अर्सोडीऑक्सीकोलिक ॲसिडच्या गोळ्या देतात. तेव्हा 'ते तर काढलं होतं ना?' या प्रश्नाला काय उत्तर देणार?

आईवडील. सोबत राहत असतील तर लपत नाही, सांगाच. लांब असतील आणि काळजीने आजारी पडणारे असतील, तर आठवडा-दोन आठवडे आधी सांगणं पुरतं. त्याच वेळी 'ऑपरेशन झाल्यावर तुम्हाला फोन अमुक करेल' हेही सांगा. आदल्या रात्री सांगणं मात्र टाळा. त्यांना प्रश्न विचारायला वेळ मिळत नाही आणि तो राग नंतर बरीच वर्षं निघतो.

मुलं. मोठ्यांची कुजबुज ऐकून मूल मनात जे रचतं ते खऱ्यापेक्षा भयंकर असतं. लहान मुलाला एवढं पुरे: 'माझी तब्येत सुधारावी म्हणून डॉक्टर पोटाचं ऑपरेशन करणार आहेत. काही दिवस मी हॉस्पिटलमध्ये असेन, नंतर काही दिवस तुला उचलून घेता येणार नाही.' वजनाबद्दल किळस वाटावी असं काही त्याच्यासमोर बोलू नका. ते स्वतःच्या शरीराकडे त्याच नजरेने पाहायला शिकतं. आणि मुलाला सांगितलं की शाळेत पोहोचलं, हे धरूनच काय सांगायचं ते ठरवा.

कामाची जागा. वरिष्ठांना आणि रजा मंजूर करणाऱ्यांना तारीख आणि रजेचा कालावधी लागतो, ऑपरेशनचं नाव सहसा लागत नाही. 'नियोजित शस्त्रक्रिया, इतके आठवडे विश्रांती' असं प्रमाणपत्र मागून घ्या. बैठं काम असेल तर दोन ते चार आठवडे, वजन उचलायचं असेल तर जास्त. शेजारच्या टेबलावरच्या एकाला मात्र अर्धं तरी सांगून ठेवा: परत आल्यावर घेरी आली तर काय करायचं, हे कोणाला तरी माहीत हवं.

तुमच्यासारखंच वजन असलेला मित्र किंवा मैत्रीण. माझ्या मते हे सगळ्यांत नाजूक. तुमचा निर्णय त्यांना स्वतःवरचा शेरा वाटू शकतो. एकत्र खाण्यावर उभी असलेली मैत्री असेल तर आपलं काय होणार, ही भीतीही असते. त्यांना दुसऱ्याकडून कळू देऊ नका. समोर बसून सांगा, आणि 'तूही कर' हे वाक्य तोंडातून काढू नका.

येणाऱ्या प्रतिक्रिया साधारण तीन छापाच्या असतात. 'सोपा मार्ग निवडलास' यावर वाद घालू नका. 'डॉक्टरांशी बोलून ठरवलंय' म्हणा आणि विषय बदला. 'अमक्याचं परत वाढलं' यात तथ्य असू शकतं, तेव्हा 'हो, म्हणून वर्षानुवर्षं पाठपुरावा असतो' हे पुरे. तिसरी प्रतिक्रिया म्हणजे ऐकीव मृत्यूची गोष्ट, तीही बहुधा शेवटच्या आठवड्यात. त्या आठवड्यात भेटी आणि फोन तुमच्या त्या एका माणसाकडे वळवा.

*तपासून घ्या:* तुमच्या माणसाला कोणाला किती सांगितलंय याची यादी माहीत आहे का? भानगडी बहुतेक इथेच होतात. तुम्ही अर्धं सांगितलेलं असतं आणि तो सगळं सांगून मोकळा होतो. हॉस्पिटलमधला फोटो कोणी कुठे टाकायचा नाही, हेही आताच बोलून घ्या.

७. शेवटचे दोन आठवडे: यकृतासाठीचा आहार

साधारण दोन आठवडे, दिवसाला ८०० ते १२०० कॅलरी, पिष्टमय पदार्थ अगदी कमी, प्रथिन जास्त. नेमका तक्ता तुमच्या टीमकडून घ्यायचा. यात वजन किती उतरतं हा मुद्दा नसतो. यकृताचा डावा भाग जठरावर झाकणासारखा पसरलेला असतो. तो चरबीने फुगलेला असला तर दुर्बिणीतून जठरापर्यंत पोहोचणं अवघड होतं, रक्तस्रावाचा धोका वाढतो, आणि कधी कधी ऑपरेशन अर्ध्यावर थांबवावं लागतं. दोन आठवड्यांत यकृत लक्षात येण्याइतकं आक्रसतं.

पहिले तीन-चार दिवस डोकं दुखतं, चिडचिड होते. नंतर भूक बरीच बसते. मधेच एक दिवस मोडला तर आहारतज्ज्ञांना सांगा. भरपाई म्हणून दुसऱ्या दिवशी कडकडीत उपास करू नका.

*थांबा:* इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या नेहमीच्या मात्रेत चालू ठेवून हा आहार सुरू केला तर साखर धोकादायक खाली जाऊ शकते. मात्रा किती कमी करायची हे आहार सुरू व्हायच्या आधी लेखी घ्या.

८. आदले दोन दिवस

पिशवीत औषधांचा कागद, सगळे रिपोर्ट, सीपॅप मशीन, सैल कपडे. घरात थर्मामीटर, खुणांची पाण्याची बाटली, छोटा चमचा आणि पहिल्या आठवड्याची पातळ पेयं. उपाशी राहण्याचा सर्वसाधारण नियम घन अन्नासाठी सहा तास आणि स्वच्छ पाण्यासाठी दोन तास असा आहे, पण तुम्हाला भूलतज्ज्ञांनी दिलेली वेळच पाळायची. चुकून काही खाल्लं गेलं तर सांगून टाका. तारीख पुढे जाईल, पण भूल चढताना अन्न फुप्फुसात जाण्याचा धोका टळेल.

९. पहिले सहा आठवडे

त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी चालायला लावतात. पायांत रक्ताच्या गुठळ्या होऊ नयेत म्हणून ते असतं, तेव्हा कुरकुर नको. खाणं पायऱ्यांनी वाढतं: आधी स्वच्छ पातळ, मग दाट पातळ, साधारण दोन आठवड्यांनी वाटून मऊ केलेलं, मग मऊ, आणि सहा ते आठ आठवड्यांनी नेहमीचं. 'बरं वाटतंय' म्हणून पायरी गाळू नका. आतले टाके बरं वाटण्यावर चालत नाहीत. पाणी दिवसभर घोट घोट, दीड लिटरचं लक्ष्य. हॉस्पिटलमध्ये परत दाखल व्हावं लागण्याचं एक मोठं कारण म्हणजे अंगातलं पाणी कमी होणं.

*ताबडतोब सर्जनला फोन:* विश्रांतीतही नाडी १२० च्या आसपास किंवा पुढे, ताप, वाढत जाणारी पोटदुखी, धाप, पोटरी सुजून दुखणं, काळी शौच. उलट्या दोन-तीन दिवस थांबत नसतील तर तेही. सतत उलट्यांनी बी-१ जीवनसत्त्व संपतं आणि मेंदूला इजा होऊ शकते. डोळ्यांसमोर दोन-दोन दिसणं, तोल जाणं ही त्याची लक्षणं. हा परिच्छेद तुमच्या माणसाला पाठवून ठेवा.

चार जणांत जेवायची वेळ आली तर छोट्या वाटीत घेऊन सावकाश खात राहा. भरलेल्या ताटापेक्षा रिकामं ताट लोकांच्या नजरेत जास्त येतं. आग्रह झाला तर 'डॉक्टरांनी सध्या थोडंच खायला सांगितलंय' हे खरं आहे आणि पुरेसं आहे. या काळात 'हे काय करून बसलो' असं वाटणंही नेहमीचं. ते उतरत नसेल तर मानसतज्ज्ञांना कळवा. तिसऱ्या महिन्यापासून केस गळतात आणि बहुतेकांचे काही महिन्यांत परत येतात. हे आधी माहीत नसेल तर घरचेच घाबरवतात.

१०. वजन उतरू लागलं की प्रश्न येतात

साधारण तिसऱ्या-चौथ्या महिन्यात ज्यांना काही सांगितलं नव्हतं ते विचारू लागतात. 'डॉक्टरांच्या देखरेखीखाली चाललंय, थोडं खाणं आणि चालणं' हे खोटं नाही. नुसतं 'डाएट केलं' हे मात्र टाळा, विशेषतः विचारणारा स्वतः वजनाने त्रासलेला असेल तर. तो तेच डाएट करून पाहील आणि जमलं नाही की स्वतःला दोष देईल. अशा माणसाला बाजूला घेऊन खरं सांगायचं की नाही, हे तुम्ही ठरवा. मी सांगण्याच्या बाजूने आहे, पण ते तुमच्यावर बंधन नाही.

डॉक्टरांच्या बाबतीत निवड नसते. पुढे कधीही, कोणत्याही डॉक्टरांकडे गेलात तरी ऑपरेशन सांगायचं, ते दहा वर्षांपूर्वीचं असलं तरी. दातांचे डॉक्टर वेदनाशामक लिहून देतात आणि बायपासवाल्याला तीच गोळी अल्सर करते. गरोदरपणातल्या साखरेच्या तपासणीत ग्लुकोजचं पाणी प्यायला देतात. बायपासनंतर त्याने धडधड, घाम, चक्कर येऊ शकते, म्हणून ती तपासणी वेगळ्या पद्धतीने करायला सांगावं लागतं. बायपासनंतर अनेक वर्षांनी पोटात अचानक पिळवटणारी कळ आली तर आतडं आत अडकल्याची शक्यता असते, आणि ऑपरेशन झाल्याचं माहीत नसलेला डॉक्टर गॅसचं औषध देऊन घरी पाठवू शकतो.

जीवनसत्त्वांच्या गोळ्या आयुष्यभर घ्यायच्या असतात: मल्टिव्हिटॅमिन, बी-१२, ड, कॅल्शियम सिट्रेट, आणि गरजेप्रमाणे लोह. कॅल्शियम आणि लोह यांत किमान दोन तासांचं अंतर ठेवा. पहिल्या वर्षी दर काही महिन्यांनी आणि नंतर दरवर्षी रक्त तपासायचं. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी 'आता ठीक आहे' म्हणून हे सोडणारे पुष्कळ असतात. बी-१२ चा साठा नेमका त्याच सुमारास संपत आलेला असतो.

डिस्चार्जच्या वेळी सर्जनकडून एक छोटं कार्ड लिहून घ्या आणि पाकिटात ठेवा. त्याचा फोटो तुमच्या त्या एका माणसाच्या फोनमध्येही हवा. कार्डावर ऑपरेशनचं पूर्ण नाव आणि तारीख, सर्जनचा संपर्क, आयब्युप्रोफेन-डायक्लोफेनॅक गटाच्या गोळ्या देऊ नयेत, नाकातून जठरात नळी न पाहता घालू नये, सतत उलट्या असतील तर ग्लुकोजच्या सलाईनआधी बी-१ द्यावं, आणि ज्यांची ॲलर्जी आहे ती औषधं, एवढं असावं.